सोळा खटके आणि एक बेरीज

डिप्लोमाला असताना आमच्या लॅबमध्ये ८०८५ या प्रोसेसर चिपचे किट होते. हिरवी पाटी, तिच्यावर कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि वर लाल आकड्यांचा सहा घरांचा डिस्प्ले. चार घरं पत्त्याची, दोन घरं माहितीची. दोन आकड्यांची बेरीज हा जर्नलमधला पहिला प्रयोग. ३ए दाबा, नेक्स्ट दाबा, पुढचा आकडा, पुन्हा नेक्स्ट. असे पंधरा-सोळा आकडे भरायचे, मग गो दाबून उत्तर बघायचं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझे सगळे आकडे भरून झाले, एक्स्टर्नल सर माझ्या टेबलाकडे वळले आणि नेमके तेव्हाच लाइट गेले. भारनियमनाचे दिवस होते. लाइट आले तेव्हा किटच्या पोटात माझं काहीही शिल्लक नव्हतं. सर म्हणाले, "भर परत. आणि भरता भरता सांग, गेलं कुठं ते?"

वीज गेली की या मेमरीतलं सगळं पुसलं जातं, हे सांगता आलं म्हणून पास झालो. पण हीच बेरीज, जवळजवळ आकड्याला आकडा जुळेल अशी, वीसेक वर्षं आधी अमेरिकेतल्या हौशी लोकांनी आपापल्या घरात, गॅरेजमध्ये, स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून भरली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्याकडे तर बटणंही नव्हती. खटके होते, दिव्याचे असतात तसे, वर-खाली करायचे.

त्या यंत्राचं नाव अल्टेअर ८८००. घरगुती संगणकाची गोष्ट सांगताना लोक सहसा ऍपलपासून सुरुवात करतात. मला अल्टेअरपासून सुरू करायला आवडतं, कारण त्याच्यात जवळजवळ काहीच नव्हतं. संगणक म्हणजे नेमकं काय आणि त्याच्याभोवती नंतर चढलेले थर कोणते, हे असं उघडंवाघडं यंत्र बघितल्यावरच नीट कळतं.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की नावाचं शहर आहे. तिथं एड रॉबर्ट्स नावाच्या इंजिनीयरची एमआयटीएस ही छोटी कंपनी होती. १९६९ मध्ये सुरू झालेली. आधी खेळण्यातल्या रॉकेटांवर बसवायची उपकरणं, मग कॅल्क्युलेटरचे किट. किट म्हणजे सुटे भाग पाकिटात घालून द्यायचे, डाग देऊन जोडायचं काम गिऱ्हाइकाचं. धंदा बरा चालला होता. पण मोठ्या कंपन्यांनी कॅल्क्युलेटरचे भाव इतके पाडले की दुकानातला तयार कॅल्क्युलेटर यांच्या सुट्या भागांपेक्षा स्वस्त मिळू लागला. १९७४ उजाडेपर्यंत रॉबर्ट्स मोठ्या कर्जात बुडाले होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडी होती इंटेलची ८०८० ही चिप.

चिपबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. संगणकाचा जो भाग प्रत्यक्ष काम करतो, म्हणजे हुकूम वाचतो, बेरीज-वजाबाकी करतो, पुढचा हुकूम कुठून आणायचा ते ठरवतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. साठच्या दशकात हा प्रोसेसर म्हणजे कपाटभर पाट्या असत. डीईसी कंपनीचा पीडीपी-८ हा १९६५ मधला 'छोटा' संगणक, आणि त्याची किंमत सुमारे १८,००० डॉलर. १९७१ मध्ये इंटेलनं हे सगळं काम एका चिपमध्ये बसवून विकायला काढलं. ४००४ ही ती चिप, २,३०० ट्रान्झिस्टरची, मुळात बिझिकॉम या जपानी कॅल्क्युलेटर कंपनीसाठी केलेली. १९७४ ची ८०८० ही त्याच घराण्यातली, पण बरीच ताकदवान. एका वेळी ८ बिट, म्हणजे ० किंवा १ असे आठ अंक, हाताळणारी आणि ६५,५३६ पत्त्यांपर्यंत हात पोचणारी.

पत्ता या शब्दाला बिचकू नका. मेमरी म्हणजे पोस्टातल्या लॉकरांची लांबच लांब रांग समजा. प्रत्येक कप्प्याला नंबर, तोच पत्ता. प्रत्येक कप्प्यात एकच आकडा मावतो, ० ते २५५ मधला. त्याला एक बाइट म्हणायचं. प्रोसेसरचं आयुष्य एवढंच: अमुक नंबरचा कप्पा उघड, आत काय आहे ते बघ, त्याप्रमाणे कर, पुढच्या कप्प्याकडे जा.

८०८० सुटी घ्यायला गेलं तर ३६० डॉलर पडत. रॉबर्ट्सनी घाऊक सौदा करून ती ७५ डॉलरना मिळवली आणि तिच्याभोवती पेटी, वीजपुरवठा, खटके आणि दिवे लावून अख्खा संगणक किटच्या रूपात ३९७ डॉलरना जाहीर केला. पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकात तो मुखपृष्ठावर झळकला. गंमत म्हणजे मुखपृष्ठावरच्या फोटोतली पेटी पोकळ होती. खरा नमुना न्यूयॉर्कला पाठवताना वाटेतच गहाळ झाला, म्हणून घाईघाईनं नुसती दर्शनी पाटी असलेली पेटी करून फोटो काढला गेला. रॉबर्ट्सना काही शे ऑर्डरींची आशा होती. काही महिन्यांत हजारो आल्या. लोकांनी न बघितलेल्या यंत्रासाठी, केव्हा येईल याची खात्री नसताना, आगाऊ चेक पाठवले.

आता पेटी घरी आली, डाग देऊन जोडली, चालू केली. पुढे काय?

दर्शनी पाटीवर २५ खटके आणि ३६ लाल दिवे. कीबोर्ड नाही, पडदा नाही. २५ पैकी १६ खटके एका रांगेत, पत्ता सांगण्यासाठी. त्यातलेच उजवीकडचे आठ माहिती भरण्यासाठी. खटका वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. समजा ३ आणि ४ यांची बेरीज करायची आहे. १२८ नंबरच्या कप्प्यात ३ ठेवायचे, १२९ मध्ये ४, आणि उत्तर १३० मध्ये यायला हवं. त्यासाठी शून्य नंबरच्या कप्प्यापासून पुढे हे भरायचं:

००१११०१०: पुढे दिलेल्या पत्त्यावरचा आकडा उचल
१०००००००: पत्ता १२८
००००००००: पत्त्याचा उरलेला अर्धा भाग
०१०००१११: तो आकडा बाजूला ठेव
००१११०१०: पुन्हा, दिलेल्या पत्त्यावरचा आकडा उचल
१००००००१: पत्ता १२९
००००००००: उरलेला अर्धा भाग
१०००००००: बाजूला ठेवलेला आकडा यात मिळव
००११००१०: उत्तर दिलेल्या पत्त्यावर ठेव
१०००००१०: पत्ता १३०
००००००००: उरलेला अर्धा भाग
११००००११: दिलेल्या पत्त्यावर उडी मार
००००००००: पत्ता ०
००००००००: उरलेला अर्धा भाग

चौदा बाइट. प्रत्येक बाइटसाठी आठ खटके लावायचे. पहिल्या बाइटला 'डिपॉझिट' आणि पुढच्या प्रत्येकाला 'डिपॉझिट नेक्स्ट'चा खटका दाबायचा, की तो आकडा पुढच्या कप्प्यात जाऊन बसतो. मग ३ आणि ४ वेगळे भरायचे. मग रीसेट, मग रन. दिवे लुकलुकतात. थांबवायचं, खटक्यांवर १३० हा पत्ता लावायचा, 'एक्झामिन' दाबायचं आणि आठ दिव्यांकडे बघायचं. पाच विझलेले, तीन पेटलेले: ०००००१११. सात.

प्रत्यक्ष बेरजेच्या हुकमाला त्या यंत्रात एका सेकंदाचा पाच लाखावा भाग लागला. खटके लावायला पाच मिनिटं.

या यादीत दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे १००००००० हा आकडा दोनदा आलाय. पहिल्यांदा त्याचा अर्थ आहे 'पत्ता १२८', दुसऱ्यांदा 'मिळव'. आकडा तोच, खटके तेच. प्रोसेसर कुठल्या पायरीवर असताना तो समोर आला, यावरून त्याचा अर्थ ठरतो. हुकूम आणि माहिती यांच्यात संगणकाच्या लेखी काही फरक नसतो, दोन्ही कप्प्यातले आकडेच. हे वाक्य मी पुस्तकात कितीतरी वेळा वाचलं होतं. पटलं ते या दोन ओळी शेजारी ठेवल्यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे 'उचल' आणि 'ठेव' हे हुकूम. ००१११०१० आणि ००११००१०. एका खटक्याचा फरक. पहिल्याच ओळीत तो खटका चुकला, तर यंत्र १२८ मधला ३ उचलण्याऐवजी स्वतःच्या पोटातला कुठला तरी आकडा त्यावर ठेवतं, आणि तुमचा ३ कायमचा पुसला जातो. तक्रार करत नाही. एरर दाखवायला पडदाच नाही. आमच्या किटवर हेच दोन हुकूम सोळाच्या मोजणीत, जिथं ए म्हणजे दहा, ३ए आणि ३२ असे होते, आणि ए च्या जागी २ दाबणारा प्रत्येक बॅचमध्ये एक तरी असायचाच. ८०८५ हा ८०८० चाच धाकटा भाऊ, थोरल्याचे हुकूम त्याला जसेच्या तसे कळतात. त्यामुळे वरची यादी लॅबमधल्या किटवर पत्ते बदलून आजही चालेल. फक्त शेवटच्या उडीऐवजी आम्ही ७६ टाकून यंत्र थांबवायचो.

एक फरक मात्र महत्त्वाचा. आमच्या किटवर एका चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्राम होता. कुठलं बटण दाबलं, डिस्प्लेवर काय दाखवायचं, हे तो बघायचा. लाइट जाऊन आले की माझी बेरीज गेलेली असे, पण बटणं चालत. मूळ अल्टेअरमध्ये तसं काहीच कोरलेलं नव्हतं. चालू केल्यावर त्याच्या डोक्यात एकही हुकूम नसे. म्हणजे आम्ही ज्याला कोरी पाटी समजत होतो, ती अल्टेअरवाल्यांच्या दृष्टीनं चैनच.

मेमरी किती होती? २५६ बाइट. केबी नाही, बाइट. आज मोबाइलवर मराठी लिहिताना प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना-मात्रा-वेलांटीलाही, तीन तीन बाइट लागतात. म्हणजे अल्टेअरच्या सगळ्या मेमरीत ८५ चिन्हं मावली असती. हा परिच्छेद त्याच्यात निम्माही बसला नसता.

मग लोकांनी हे घेतलं तरी का? उपयोग काय, असा प्रश्न घरच्यांनी विचारला असणारच, आणि त्याला प्रामाणिक उत्तर नव्हतं. पण संगणक ही तोवर विद्यापीठाची, बँकेची, लष्कराची वस्तू होती. काचेपलीकडे ठेवलेली, दुसऱ्यानं चालवायची. ती स्वतःच्या टेबलावर आली यातच सगळं आलं. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथं गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी लोक जमले आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. पुढं ऍपल काढणारे स्टीव्ह वॉझ्नियाक त्या पहिल्याच सभेला होते.

या क्लबच्या सभेत महिन्याभरानं स्टीव्ह डॉम्पिअर या सभासदानं आपलं अल्टेअर आणलं, खटके लावून एक प्रोग्राम भरला आणि शेजारी साधा रेडिओ ठेवला. रन दाबल्यावर रेडिओतून गाणं वाजू लागलं. यंत्रात ध्वनीसाठी एकही भाग नव्हता. झालं होतं असं की कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र चालताना थोडाफार रेडिओचा गोंगाट सोडतं. मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो तसं. प्रोग्राम एकाच जागी ठरावीक वेळा घोटाळत ठेवला, तर त्या गोंगाटाला एक सूर येतो. घोटाळण्याची लांबी बदलली की सूर बदलतो. डॉम्पिअरच्या हे सहज लक्षात आलं आणि त्यानं सूर शोधत शोधत आख्खं गाणं बसवलं. अल्टेअरचा पहिला 'उपयोग' म्हणावा तर हा. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण यात यंत्राच्या दोषाचंच वाद्य केलंय.

पण गाणं वाजवून दुकानाचा हिशोब होत नाही. खेळणं ते कामाची वस्तू हा पल्ला पुढच्या पाच-सहा वर्षांत गाठला गेला, आणि त्याचं मोठं श्रेय चिपपेक्षा अल्टेअरच्या पोटातल्या खाचांना जातं, असं माझं मत आहे.

रॉबर्ट्सनी सगळं एका पाटीवर न बसवता आत खाचा ठेवल्या होत्या. प्रोसेसरची पाटी एका खाचेत, मेमरीची दुसऱ्या. प्रत्येक खाचेला १०० टोकं, आणि सगळ्या खाचांची तीच ती टोकं तारांनी एकमेकांना जोडलेली. १ नंबरचं टोक सगळीकडे १ नंबर. म्हणजे कुठलीही पाटी कुठल्याही खाचेत घाला. या रचनेला बस म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे: एकच रस्ता, सगळे त्याच्यावरून जाणार. १०० टोकांचेच कनेक्टर का? तर ते स्वस्तात मिळाले. टोकांची मांडणीही फार विचार करून केलेली नव्हती, इंजिनीयर लोक तिला नावं ठेवत. पण ती सगळ्यांना ठाऊक होती आणि तीवर कुणाचं कुलूप नव्हतं.

एमआयटीएसची ४ केबी मेमरीची पाटी धड चालत नसे. होमब्रू क्लबमधल्या बॉब मार्श यांनी आपली वेगळी पाटी करून विकायला काढली, ती चालत असे. मग कुणी पडद्याची पाटी केली, कुणी टेपरेकॉर्डर जोडायची. १९७५ च्या अखेरीस आयएमएसएआय कंपनीनं तर अख्खं यंत्रच काढलं, त्याच खाचांचं, जास्त दणकट. रॉबर्ट्सचा तिळपापड झाला. पण या उपऱ्यांमुळेच त्या मांडणीला एस-१०० असं सगळ्यांचं नाव मिळालं आणि एका कंपनीच्या यंत्राचा बाजार झाला.

इकडे पॉल ऍलन आणि बिल गेट्स या दोघांनी मासिकातला लेख वाचून रॉबर्ट्सना कळवलं की तुमच्या यंत्रासाठी आमच्याकडे बेसिक (प्रोग्राम लिहायची सोपी भाषा) आहे. नव्हतं. अल्टेअरही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. हार्वर्डच्या मोठ्या संगणकावर ८०८० ची नक्कल उभी करून त्यावर त्यांनी बेसिक लिहिलं. गणिताचा एक भाग माँटी डेव्हिडॉफ या विद्यार्थ्यानं लिहिला. ऍलन कागदी फीत घेऊन अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरायच्या बेतात असताना त्यांच्या लक्षात आलं की फीत वाचायला सांगणारा छोटा प्रोग्राम लिहायचाच राहिलाय. तो त्यांनी विमानातच लिहिला आणि पोचल्यावर खटक्यांनी भरला. बेसिक सुरू झालं. २+२ विचारल्यावर ४ आले.

बेसिक म्हणजे काय झालं ते वरच्या यादीशी ताडून बघा. चौदा बाइट आणि दीडेकशे खटक्यांऐवजी 'प्रिंट ३+४' एवढी ओळ. खटके गेले नाहीत, ते खाली दबले. बेसिक नावाचा प्रोग्राम तुमच्या वतीनं ते लावू लागला. मात्र त्यासाठी आधी बेसिक मेमरीत यायला हवं, म्हणजे ४ केबी तरी मेमरी हवी आणि फीत वाचणारं टेलिटाइप यंत्र हवं. ते सेकंदाला दहा अक्षरं वाचे. ४ केबीला सात मिनिटं. आणि वीज गेली की पुन्हा खटक्यांपासून.

बेसिकची फीत १९७५ च्या जूनमध्ये पालो आल्टोतल्या एका प्रात्यक्षिकातून कुणीतरी उचलली आणि क्लबमध्ये तिच्या नकला वाटल्या गेल्या. अट एकच: एक न्या, पुढच्या वेळी दोन करून आणा. फेब्रुवारी १९७६ मध्ये विशीतल्या गेट्सनी हौशी लोकांना उघडं पत्र लिहिलं की अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी आमचं बेसिक विकत घेतलंय, बाकीचे चोरून वापरताहेत. हौशी लोक खवळले. त्यांची बाजूही होती: एमआयटीएस हे बेसिक आपल्या मेमरीच्या पाटीबरोबर स्वस्तात देई आणि सुटं घेतलं तर ५०० डॉलर लावी. म्हणजे मूळ यंत्रापेक्षा महाग. न चालणारी पाटी खपवण्यासाठी चालणारं बेसिक वेठीला धरलं होतं. तरी सॉफ्टवेअरलाही किंमत असते हे गेट्सचं म्हणणं खोटं नव्हतं. तो वाद अजून मिटलेला नाही, इथं वाढवत नाही.

१९७७ मध्ये तयार यंत्रं आली. ऍपल टू, कमोडोर पेट आणि टँडीचं टीआरएस-८०. तिघांनाही कीबोर्ड, तिघांमध्येही बेसिक चिपवर कोरलेलं, चालू केलं की हजर. टीआरएस-८० पडद्यासकट ५९९ डॉलर ९५ सेंटला मिळे. प्रोग्राम साठवायला साधी ऑडिओ कॅसेट. ज्यांनी पेन घालून कॅसेटची फीत गुंडाळली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आवाजाची चकती जराशी इकडेतिकडे झाली तरी प्रोग्राम उचलला जात नसे, आणि हवा तो प्रोग्राम कॅसेटमध्ये नेमका कुठं आहे हे गाणं शोधतात तसं शोधावं लागे.

नेमकं इथंच व्यापाऱ्याचं घोडं अडत होतं. चार हजार गिऱ्हाइकांपैकी एकाची बाकी बघायला अख्खी फीत पुढं पळवायची? त्याला हवी होती फ्लॉपी. तबकडीवर डोकं थेट हव्या त्या जागी नेता येतं. आठ इंची फ्लॉपीवर ७७ वर्तुळं, प्रत्येकात २६ तुकडे, प्रत्येक तुकड्यात १२८ बाइट. एकूण सुमारे २५० केबी, आणि त्यातला कुठलाही तुकडा क्षणात समोर.

पण फ्लॉपीला कारकून लागतो. कुठली फाइल कुठल्या तुकड्यांत आहे, मोकळी जागा कुठं आहे, याची नोंद कोण ठेवणार? कॅलिफोर्नियात माँटेरे इथल्या नौदलाच्या संस्थेत शिकवणारे गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये हा कारकून लिहिला होता. नाव सीपी/एम. तोवर बाजारात एस-१०० ची इतकी यंत्रं झाली होती, प्रत्येकाची फ्लॉपी आणि पडद्याची पाटी वेगळी, की प्रत्येक यंत्रासाठी सीपी/एम ठिकठिकाणी खरवडून बदलावं लागे. आयएमएसएआयनं आपल्या यंत्रासाठी मागणी केली तेव्हा किल्डॉलनी प्रोग्रामचे दोन भाग केले. यंत्रानुसार बदलणारं सगळं उचलून एका छोट्या तुकड्यात घातलं आणि त्याला बायॉस म्हटलं. बाकीचं सगळीकडे सारखं.

ही युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. सीपी/एमवर चालणाऱ्या प्रोग्रामला पडद्यावर अक्षर काढायचं असलं, तर तो यंत्राला हात लावत नाही. कामाचा नंबर सांगतो, अक्षरासाठी २, आणि मेमरीतल्या ५ नंबरच्या पत्त्यावर जातो. बँकेत खिडकी नंबर ५ वर स्लिप सरकवावी तसं. खिडकीमागं कोण बसलंय, तो रोकड कुठल्या कपाटातून आणतो, हे गिऱ्हाइकाला कळायची गरज नाही. खिडकीमागचा माणूस बायॉसला सांगतो, आणि बायॉस त्या विशिष्ट यंत्राची कळ फिरवतो. सीपी/एम २.२ च्या बायॉसमध्ये अशी जेमतेम १७ कामं होती. नवं यंत्र बाजारात आणणाऱ्यानं ती १७ कामं लिहून दिली की झालं, आधीचे सगळे प्रोग्राम त्याच्यावर चालू.

परिणाम काय झाला? वर्डस्टार हे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर एकदा लिहिलं आणि डझनावारी कंपन्यांच्या यंत्रांवर विकता आलं. हिशोबाची, पगाराची, मालसाठ्याची सॉफ्टवेअरं लिहिणं परवडू लागलं. आपल्याकडे नव्वदीत गल्लोगल्ली जे कॉम्प्युटर क्लास निघाले आणि 'वर्डस्टार, लोटस, डीबेस' असा कोर्स शिकवू लागले, त्यातलं वर्डस्टार आणि डीबेस मूळचं सीपी/एमवरचं. कंट्रोल-के-डी दाबून फाइल सेव्ह करणाऱ्या पिढीला ही वंशावळ सहसा कुणी सांगितली नाही.

ऍपल टूला सीपी/एम मुळात नव्हतं. तिथं व्यापारी ओढून आणले ते १९७९ मध्ये आलेल्या व्हिसीकॅल्कनं. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणारे डॅन ब्रिकलिन यांची ही कल्पना, प्रोग्राम लिहिला बॉब फ्रँकस्टन यांनी. उभ्या-आडव्या रेघांचा तक्ता, अगदी खतावणीसारखा. फरक एवढाच की बेरजेच्या घरात आकडा नसून बेरीज कशी करायची ते लिहिलेलं. वरचा एक भाव बदलला की खालचे नफा-तोट्याचे सगळे आकडे आपोआप बदलत. ज्यानं मार्चअखेरीला एक चूक सापडल्यावर आख्खं पान खोडरबरानं पुसलंय, त्याला हे बघताक्षणी कळलं. त्याला संगणक नको होता, व्हिसीकॅल्क हवं होतं. ते चालायला म्हणून तो ऍपल टू घेऊन जाई. सोळा खटक्यांनी केलेली बेरीज आता एका घरात बसली होती, आणि ती मांडणाऱ्याला प्रोसेसर हा शब्दही ठाऊक असायची गरज नव्हती.

रॉबर्ट्स तोवर या धंद्यातून बाहेर पडले होते. १९७७ मध्ये त्यांनी कंपनी विकली, जॉर्जिया राज्यात शेती घेतली, चाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि पुढं कॉक्रन या लहानशा गावात डॉक्टरकी केली. २०१० मध्ये ते वारले.

त्यांच्या खाचा मात्र चालत राहिल्या. सिएटलमधली एक छोटी कंपनी एस-१०० च्या खाचेत बसणारी ८०८६ प्रोसेसरची पाटी विकत होती. तिच्यासाठी सीपी/एम मिळेना, म्हणून टिम पॅटरसन या तिथल्या इंजिनीयरनं १९८० मध्ये तशाच धाटणीचा कारकून स्वतः लिहिला. तो मायक्रोसॉफ्टनं विकत घेतला आणि आयबीएमला डॉस म्हणून दिला. आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर झाला. आत पाच खाचा, त्यांची मांडणी मॅन्युअलमध्ये सगळ्यांसाठी छापलेली, आणि यंत्राची कळ फिरवणाऱ्या तुकड्याचं नाव बायॉस.

त्याच्या दर्शनी पाटीवर खटके नव्हते, लुकलुकणारे दिवेही नव्हते. पण झाकण उघडून मेमरी वाढवायची किंवा दुसरी फ्लॉपी बसवायची झाली, तर यंत्राला ते सांगावं लागे. त्यासाठी आतल्या पाटीवर, नखाएवढ्या दोन ठोकळ्यांत आठ-आठ, असे सोळा खटके होते. पेनाच्या टोकानं वर-खाली करायचे.